पार्ट मिळत नाही

‘हा पार्ट आता मिळत नाही’ हे वाक्य दुकानदार ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात पूर्वी डॉक्टर मंडळी ‘नातेवाइकांना बोलावून घ्या’ असं सांगत. आवाज खाली, नजर तिसरीकडेच, चेहऱ्यावर बेताचं दुःख. फरक एवढाच, की डॉक्टर आपल्याला लगेच शेजारच्या खोलीत नेऊन, ‘मग नवीन पेशंट दाखवू का? यंदाचं मॉडेल फार छान आलंय,’ असं विचारत नसत.

हे वाक्य मी आजवर मिक्सर, छत्री, मनगटी घड्याळ आणि एकदा तर नुसत्या कुकरच्या शिट्टीच्या उशाशी बसून ऐकलं आहे आणि दर वेळी मुकाट्याने पाकीट काढलं आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये तेच वाक्य मी माझ्या स्नो ब्लोअरबद्दल ऐकलं आणि माझ्यातला कोल्हापूरकर उठून बसला. तेव्हापासून माझं या वाक्याशी उभं वैर आहे. हा लेख म्हणजे त्या वाक्याविरुद्ध मी गुदरलेली फिर्याद समजा. न्यायाधीश तुम्हीच. फक्त निकाल देण्यापूर्वी आपल्या माळ्यावर एकदा नजर टाका, म्हणजे तुम्हीही या खटल्यात साक्षीदार आहात हे ध्यानात येईल.

आता स्नो ब्लोअर म्हणजे काय, हे सांगायला हवं. आम्ही अमेरिकेत बफेलो शहराच्या अंगाला राहतो. गावाच्या नावाचा म्हशीशी संबंध असो वा नसो, हिवाळाभर हे गाव पांढऱ्या डबक्यात म्हशीसारखं बसून असतं. शेजारी ईरी नावाचं अवाढव्य सरोवर आहे. ते गोठायच्या आधी त्याच्यावरून थंडगार वारा येतो, वाटेत सरोवराची वाफ पोटभर पिऊन घेतो आणि काठ लागला रे लागला की आमच्या अंगणात रिकामा होतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथल्या काही उपनगरांत पाच-पाच फूट बर्फ पडलं. म्हणजे आमच्या हिच्या उंचीएवढं. (ही स्वतःला पाच फूट एक म्हणवते. तो इंच मी वादात काढत नाही.)

बरं, पडलेलं बर्फ उचलायला नगरपालिकेचा नांगर येतो, पण तो फक्त रस्त्यापुरता. तो रस्त्यातलं बर्फ बाजूला लोटतो आणि तुमच्या दारातल्या गाडीवाटेच्या तोंडाशी चांगली कमरेएवढी भिंत बांधून निघून जातो. ती भिंत पाडणं हे गृहस्थाचं कर्तव्य. त्यासाठी हे यंत्र. पुढे मळसूत्री पात्यांचा आडवा रूळ, त्याला ऑगर म्हणतात. तो दोन्ही बाजूंचं बर्फ मधोमध ओढतो. त्याच्या मागे गरगरणारा पंखा, तो ते बर्फ वरच्या नळकांड्यातून वीस-पंचवीस फूट भिरकावतो. म्हणजे तोंडाने गुऱ्हाळातला चरक आणि सोंडेने गणपती. आमचा ब्लोअर २००१ सालचा. त्याची वॉरंटी कधी संपली हे आठवायला मला माझ्या केसांचा फोटो काढून बघावा लागतो.

तर जानेवारी २०२४. आमच्या गावचा फुटबॉलचा सामना बर्फामुळे रविवारचा सोमवारवर गेला आणि मैदान मोकळं करायला लोकांना ताशी २० डॉलर देऊन फावडी घेऊन बोलावलं गेलं. त्याच सोमवारी माझ्या ब्लोअरने प्रथम खडखड केली, मग कण्हला आणि मग बर्फाकडे तोंड करून नुसता उभा राहिला. ऑगरचा दांडा ज्या कड्यांत फिरतो ते बुश झिजून दांडा गदागदा हलत होता. ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर यंत्र जमिनीवरून घसरतं, ते त्याचे बूट आमच्या शाळेतल्या बुटांसारखे तळातून उघडे पडले होते. आणि पंख्याची पाती झिजून ती आणि डबा यांच्यात बोटभर फट पडल्यामुळे ओलं बर्फ वर उडण्याऐवजी नळकांड्यातच श्रीखंडासारखं बसत होतं.

मंगळवारी दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने मॉडेलचा नंबर विचारला, संगणकावर टकटक केली आणि ते वाक्य उच्चारलं.

“मग नवीन?” मी विचारलं.

“संपलीत सगळी. पुढचा लॉट मार्चमध्ये.”

“अरे, मार्चमध्ये बर्फ वितळायला लागतं!”

“हो ना,” तो म्हणाला, “म्हणून तर तेव्हा डिस्काउंट असतो.”

वाचकहो, या तर्काला उत्तर नाही. जे यंत्र फक्त बर्फात चालतं ते फक्त बर्फातच बिघडणार आणि ज्या दिवशी सगळ्या गावाचं बिघडणार त्याच दिवशी दुकान रिकामं असणार. आणि म्हणे ‘नवीन घ्या’! ‘नवीन घ्या’ हा सल्ला उन्हाळ्यात द्यायचा असतो. थंडीत तो टोमणा होतो.

माझ्या एकट्याचं असतं तर मी चार दिवस घरात बसून पिठलंभात खाल्ला असता. पण समोरच्या घरात एक म्हातारबुवा राहतात. एकटेच. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे साडेपाचला त्यांना डायलिसिसला न्यायला व्हॅन येते. ही वारी चुकवता येत नाही. चुकली की अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि मग व्हॅनऐवजी अँब्युलन्स येते, तीही आत शिरू शकली तर. त्यांची गाडीवाट गेली सहा वर्षं मी माझ्याबरोबर साफ करतो. त्या मंगळवारी पहाटे चारला मी आणि ही, दोघांनी फावड्यांनी ती मोकळी केली. दोन तास लागले. म्हातारबुवा व्हॅनमध्ये चढले आणि मी पाठीला हात लावून घरात शिरलो तो आडवाच झालो. हवामान खात्याने बुधवारी आणखी बर्फाचा वायदा केला होता. म्हणजे गुरुवारी पुन्हा फावडं. माझी पाठही २००१च्या आधीचंच मॉडेल आहे आणि तिचे पार्ट तर कुठेच मिळत नाहीत.

आमच्या मराठी मंडळातल्या एका स्नेह्यांना फोनवर हे रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, एवढा पगार मिळवता तो कशाला? दुसऱ्या गावातून मागवा नवीन. दुरुस्ती कसली करताय तुम्ही, इचलकरंजीला असल्यासारखे!”

इथे माझ्या फिर्यादीतला खरा आरोपी सापडतो. तो दुकानदार नाही, ते बिचारं पोर पगारी. खरा आरोपी आमची पिढी. माझे वडील कोल्हापुरात शाळेत कारकून होते. आमच्या घरचा पंपाचा स्टोव्ह त्यांनी वीस वर्षं चालवला. पंपातला चामड्याचा वायसर गेला की जुन्या वहाणेचं चामडं गोल कापायचं, गोडेतेलात भिजवायचं, बसवायचं. दारात कल्हईवाला यायचा, पाट्याला टाकी लावणारी यायची. आणि स्वतःच्या हाताबाहेरचं काही असलं तर वडील तो तुकडा रुमालात बांधून उद्यमनगरात न्यायचे. तिथला लेथवाला तो उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, “ठेवा, अण्णा. संध्याकाळी घेऊन जावा.” ‘मिळत नाही’ हा शब्दप्रयोग त्या रस्त्याला ठाऊकच नव्हता. मिळत नाही तर करायचं! शेतकरी इंजिनाचा मोडका तुकडा पिशवीत घालून यायचा आणि नवा तुकडा घेऊन परत जायचा.

पण आम्हांला याची लाज वाटायची. पाहुणे आले की तो स्टोव्ह आम्ही मोरीत लपवायचो. पुढे मी अमेरिकेला आलो तेव्हा आईने आळीभर सांगितलं, “त्याला तिकडे काही दुरुस्त करायलाच लागत नाही. बिघडलं की टाकून देतात!” काय अभिमानाने सांगायची! आमच्या पिढीने प्रगती म्हणजे दुरुस्तीतून सुटका असं मानलं. गरिबी गेली हे छानच झालं. पण जाताना ती हातातली अक्कलही घेऊन गेली आणि आम्ही तिला हसत हसत निरोप दिला.

तर मंगळवारी संध्याकाळी, डायलिसिसने थकलेले म्हातारबुवा काठी टेकत आमच्या गॅरेजमध्ये आले. ते लॅकावानाच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. तिथल्या पोलादाच्या भट्ट्या १९८३ साली बंद झाल्या आणि हजारो माणसांना एका फटक्यात सांगण्यात आलं, की तुमचं काम आता नाही. त्यामुळे ‘बंद झालं’ या शब्दांशी त्यांची ओळख माझ्यापेक्षा जुनी. मी दुकानातली हकिगत सांगितली. ते म्हणाले, “मिळत नाही म्हणजे काय? पहिला तुकडा कुणीतरी हातानेच केला होता ना? त्याला कुठून मिळाला होता?”

पुढे मी वाचून पाहिलं, तर म्हातारबुवांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. हे यंत्र चालीत आणलं ते आर्थर सिकार नावाच्या कॅनडातल्या गृहस्थाने, १९२५ साली. मळणीयंत्र धान्य कसं ओढून घेतं आणि फेकतं ते पाहून त्याला म्हणे ही कल्पना सुचली. मग ट्रकचा सांगाडा घेतला, पुढे बर्फ ओरबाडणारं तोंड लावलं, वर नळकांडं बसवलं. त्या वेळी त्याला कुणी सांगितलं असतं, की ‘स्नो ब्लोअरचे पार्ट मिळत नाहीत’, तर तो म्हणाला असता, ‘बरोबर आहे. अजून स्नो ब्लोअरच नाही.’ ज्या यंत्राचा जन्मच दुसऱ्यांच्या तुकड्यांतून झाला, त्याच्या म्हातारपणी मात्र अस्सल कंपनीचाच तुकडा हवा, हा कुठला न्याय?

म्हातारबुवांच्या तळघरात छोटा लेथ, ड्रिल आणि शेगडा आहे. त्यांनी स्टुलावर बसून हुकूम सोडायचे आणि मी हात चालवायचे, असा करार झाला. मी झिजलेला बुश काढून व्हर्निअरने त्याचं भोक मोजू लागलो. ते ओरडले, “तो नको मोजू! ते झिजेचं माप आहे. दांडा मोज.” हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. किती ठिकाणी उपयोगी पडतं! संसारात, सरकारात, शिक्षणात आपण सगळे बुशच मोजत बसलेले असतो. झिजत झिजत जे उरलं तेच मूळ माप समजतो.

ब्रॉंझच्या दांड्यातून दोन बुश निघाले. पहिला मी ढिला केला. दुसरा इतका घट्ट, की दांडा त्याच्यात शिरेना. मग तिसरा आणि चौथा. दांडा आणि बुश यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट ठेवायची असते. ती साधेपर्यंत रात्रीचे अकरा झाले. बुटांसाठी अर्धा इंच जाड प्लास्टिकची पट्टी हवी होती. ते प्लास्टिक बर्फावर सुरेख घसरतं आणि फरशीवर चरे पाडत नाही. असं प्लास्टिक आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं. हिचा भाजी चिरायचा बोर्ड. मी करवत घेऊन स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा ही म्हणाली, “अहो, पोळपाट तेवढा ठेवा. नाहीतर उद्या ब्लोअरवर पोळ्या लाटायची वेळ यायची.” बोर्ड मात्र तिने स्वतःच धुऊन, पुसून दिला.

बुधवारी बाहेर बर्फ पडत होतं आणि आत पंख्याची पाळी. जुन्या टायरच्या बाजूचं रबर कापून प्रत्येक पात्याला एकसारख्या वजनाची पट्टी बोल्टने बसवली, डब्याला जेमतेम पुसत जाईल अशी. फट बुजली.

इतकं झाल्यावर मी जरा फुशारलो आणि म्हटलं, “ऑगरची ती पिन मी मागेच बदललीय. सारखी मोडायची म्हणून चांगला पोलादी बोल्ट घातलाय. आता जन्मात मोडणार नाही.”

म्हातारबुवा स्टुलावरून उठले. आजारी माणसाला इतका आवाज काढता येतो हे मला माहीत नव्हतं. ती शिअर पिन मुद्दाम नरम धातूची असते. बर्फाखाली पेपरवाल्याने टाकलेला, गोठून दगड झालेला रविवारचा पेपर असतो. तो ऑगरमध्ये अडकला, की पिन मोडते आणि गिअरबॉक्स वाचते. मी पिनेला मोडायची बंदी केली होती. म्हणजे पुढल्या पेपराला आख्खी गिअरबॉक्स गेली असती. “तिचं कामच मोडायचं आहे,” ते म्हणाले, “ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.” बोल्ट निघाला. बेताची नरम पिन मी विकत आणून बसवली आणि डझनभर खिशात ठेवल्या. दुसरा नियम त्यांनी असा घातला, की नळकांडं तुंबलं तर हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी आतल्या पात्यांत ताण राहिलेला असतो, काठी घालायची. हे सांगताना त्यांनी कारखान्यातल्या एका जोडीदाराच्या बोटांचा हिशेब सांगितला. तो दहापर्यंत पोचत नव्हता.

म्हणून विरोधी पक्षाला मी एवढं आनंदाने देऊन टाकतो, की घरची कारागिरी सगळीकडे चालवू नये. गाडीचा ब्रेक, गॅसची नळी, विजेचा फ्यूज इथे शहाणपण पाजळणारा माणूस एकटा मरत नाही, सोबत घेऊन जातो. पण कुठला तुकडा घरी करावा आणि कुठला करू नये, हे कळायलाही यंत्र एकदा उघडावं लागतं. ते उघडूच नका, आत आमचं गुपित आहे, असं जेव्हा कंपनी म्हणते, तेव्हा ती तुमची काळजी घेत नसते, तिच्या मार्चच्या लॉटची घेत असते.

‘तुमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?’ असाही सवाल येतो. आहे ना! जे गृहस्थ मला हा प्रश्न विचारतात, त्यांनी नवी वस्तू निवडताना चार रविवार खर्च केलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या चार रविवारांतून एक पावती निघाली. माझ्या दोन रात्रींतून चार बुश निघाले, पैकी दोन चांगले.

आता कायद्याचं बघू. दुरुस्तीचा हक्क म्हणून एक कायदा आमच्या न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये सहीशिक्का होऊन आला. त्याच महिन्यात बफेलो हिमवादळात गाडलं गेलं होतं आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली होती. मी मोठ्या आशेने कायदा वाचला. त्याने कंपन्यांना पार्ट आणि माहिती द्यायला लावलं, पण ते डिजिटल वस्तूंपुरतं. त्यातून पुन्हा मोटारी वगळल्या, शेतीची यंत्रं वगळली, घरगुती उपकरणं वगळली. इतकं वगळल्यावर कायद्यात उरलं काय, तर आमच्या आळीतल्या पाणीवाटपासारखं: नळ आहे, हक्क आहे, पाणी तेवढं विचारू नका. शिवाय माझ्या ब्लोअरमध्ये डिजिटल म्हणावं असं काहीही नाही. असतं, तर मीही तो उघडला नसता आणि आज हा लेख न लिहिता हप्ते भरत बसलो असतो.

बुधवारी रात्री शेवटचा नट आवळताना मी म्हातारबुवांना म्हटलं, की तुमच्यासारखा कारागीर हवा, तर सगळं दुरुस्त होईल. ते हसले. “सगळं कुठलं? माझ्याही पार्टचं उत्पादन बंद आहे,” आणि त्यांनी कमरेवर थाप मारली. मग म्हणाले, “पण बघ, तिथेही बदली तुकड्यावरच भागतंय. तो पहिला कुणी केला ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. विलेम कोल्फ नावाचा तरुण डच डॉक्टर. साल १९४३. देश जर्मनांच्या टाचेखाली, बाजारात काही म्हणजे काही मिळत नाही. त्याने लाकडी पट्ट्यांचा पिंप केला आणि त्याच्याभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली. ही नळी खाटकाच्या धंद्यातली, सॉसेजमध्ये खिमा भरायची. त्या नळीतून रोग्याचं रक्त फिरवलं आणि बाहेरच्या पाण्यात विष उतरवलं. पहिले रोगी वाचले नाहीत. १९४५ साली एक सदुसष्ट वर्षांची बाई वाचली. आज जगभर लाखो माणसं त्या खटपटीच्या वारसावर जगतात. ‘मूत्रपिंडाचा पार्ट मिळत नाही’ हे वाक्य ऐकून कोल्फ जर मान खाली घालून परतला असता, तर गुरुवारी साडेपाचला आमच्या समोरच्या दारी व्हॅन यायचं कारणच उरलं नसतं.

गुरुवारी पहाटे चारला मी ब्लोअर ओढला. पहिल्या दोरीला खोकला, दुसऱ्या दोरीला घसा साफ, तिसरीला सुरू. खडखड नाही. हिच्या बोर्डावर घसरत घसरत तो नांगराच्या भिंतीपाशी गेला आणि भिजलेलं, जड बर्फ त्याने २००१ सालीही उडवलं नसेल इतक्या लांब उडवलं. त्यातलं थोडं मंडळातल्या स्नेह्यांच्या दिशेने गेलं असावं, पण ते बारा मैलांवर राहतात. साडेपाचला व्हॅन सरळ आत आली. म्हातारबुवा चढताना थांबले आणि आवाजाकडे कान देऊन म्हणाले, “डावीकडचा बुश जरा तापतोय. तेल दे.” बस्स, एवढंच. आमच्या उद्यमनगरातला लेथवालाही याहून जास्त शाबासकी देत नसे.

मार्चमध्ये दुकानातून त्या पोराचा फोन आला. नवा लॉट आलाय, डिस्काउंटही आहे, तुमचं नाव यादीत होतं म्हणून आठवणीने केला. पोर चांगलं आहे, माझा त्याच्यावर राग नाही. मी आवाज खाली आणला, चेहऱ्यावर बेताचं दुःख आणलं, फोनवर ते दिसत नाही तरीही आणलं, आणि म्हणालो,

“वाईट वाटतं सांगायला, पण हे गिऱ्हाईक आता मिळत नाही.”